जुनी बुलेट आणि नवा स्वार

एखाद्या गोदामाच्या कोपऱ्यात कित्येक वर्षे धूळ खात पडलेली मोटारसायकल स्वस्तात मिळते, आणि ज्याने आजवर सायकलीखेरीज दुसरे दुचाकी वाहन चालविलेले नाही असा तरुण ती मोठ्या उमेदीने घरी आणतो. यंत्र दुरुस्त करणे आणि यंत्रावर स्वार होणे या दोन भिन्न विद्या आहेत व त्या एकाच वेळी शिकावयाच्या आहेत, याची जाणीव त्याला सहसा नसते. यंत्र एकदा सुरू झाले की काम झाले, असे तो मानतो. वस्तुतः खरा धोका तेथूनच पुढे सुरू होतो.

भारतात अशा प्रयोगासाठी सर्वाधिक निवडली जाणारी गाडी म्हणजे ३५० घनसेंटिमीटर वर्गातील बुलेट. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीची ही रचना. भारतीय लष्कराने १९५०च्या दशकाच्या आरंभी सीमेवरील गस्तीसाठी ती पसंत केली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे तिचे उत्पादन सुरू झाले. मूळची इंग्रज कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली. मद्रासचा कारखाना मात्र तीच रचना फारसा बदल न करता पुढे कित्येक वर्षे काढीत राहिला. बिडाच्या सिलिंडरचे ते जुने एंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकले. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. चेन्नईचे पुदुपेट किंवा दिल्लीचे करोल बाग येथील दुकाने त्यासाठी प्रसिद्ध आहेत. नवशिक्याच्या दृष्टीने ही सोय अतिशय महत्त्वाची होय. सुटे भाग न मिळणारी दुर्मिळ गाडी ही अनुभवी माणसाचे काम.

पैसे देण्यापूर्वी पाहावयाची पहिली वस्तू एंजिन नव्हे, नोंदणीपुस्तक होय. सांगाड्यावर व एंजिनावर कोरलेले क्रमांक पुस्तकातील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ज्या गाडीचे कागद हरवले आहेत ती कितीही सुरेख असली तरी रस्त्यावर येऊ शकेलच असे नाही. याखेरीज जुन्या वाहनांविषयीचे निर्बंध सर्वत्र सारखे नसतात, तेव्हा आपल्या परिवहन कार्यालयात आधी चौकशी केलेली बरी.

गाडी घरी आल्यावर लगेच किक मारण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सिलिंडरात गंज चढलेला असतो, व जोर लावल्यास दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल सोडावे, एक दिवस थांबावे, आणि मग किकचा दांडा हाताने हलकेच दाबून दट्ट्या वरखाली होतो की नाही हे पाहावे. बुलेटची आणखी एक खोड आहे. तिची तेलाची टाकी एंजिनाच्या कवचातच असते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की टाकीतले तेल पंपातून झिरपत दंडगतीच्या कोठीत साचते. हे तेल खालचा बोल्ट काढून वाहू द्यावे आणि मगच नवे तेल भरावे. पेट्रोलची टाकी व कार्ब्युरेटर धुऊन काढावेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी कशीही दिसत असली तरी बदलावी.

ठिणगीची व्यवस्था समजून घेण्यास सोपी आहे. दोन लहान धातूची टोके एकमेकांपासून दूर होतात त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. या टोकांतील फट पूर्ण उघडी असताना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावयाची असते. टोके काळवंडली असतील तर बारीक कानशीने घासावीत. झडपांच्या दांड्यांसाठी तर मापपट्टीचीही गरज नाही. एंजिन पूर्ण थंड असताना आणि दट्ट्या दाबाच्या फेऱ्यात सर्वांत वर असताना दांडा बोटांनी सहज फिरला पाहिजे, परंतु वरखाली हलता कामा नये. इतकी साधी कसोटी दुसऱ्या फार थोड्या एंजिनांत सापडेल. हत्यारे घेताना मात्र ध्यानात ठेवावे की जुन्या बुलेटवरील कित्येक नट इंग्रजी मापाचे आहेत. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना नटाचे कोपरे खातो, आणि एकदा गोल झालेला नट काढण्यात सबंध दिवस जातो.

आता किक. येथे बळापेक्षा युक्ती अधिक लागते. चावी फिरवून विजेच्या काट्याकडे पाहावे. टोके जुळलेली असताना काटा उणे बाजूस झुकतो, ती उघडताच मध्यावर येतो. दाब जाणवेपर्यंत दांडा हळू खाली न्यावा, मग दाब सोडण्याची लहान तरफ ओढून काटा मध्यावर येईपर्यंत दट्ट्या किंचित पुढे सरकवावा. तरफ सोडावी, दांडा पुन्हा वर येऊ द्यावा आणि एकच पूर्ण किक मारावी. ठिणगी वेळेआधी पडत असेल तर दांडा उलटा उसळतो व घोटा दुखावतो. म्हणून चपला घालून हा उद्योग करू नये. एंजिन धडधडू लागले की लगेच वरच्या झडपांकडे जाणाऱ्या बारीक तेलनळीचा बोल्ट थोडा सैल करून तेथे तेल पाझरते की नाही हे पाहावे. तेल आले नाही तर एंजिन त्याच क्षणी बंद करावे. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या तरी.

बहुतेक नवशिके यानंतर रंगाकडे वळतात. टाकीला रंग, चाकांच्या कड्यांना झळाळी. या खर्चाच्या आधी ब्रेकचा विचार झाला पाहिजे. जुन्या गाडीचे ब्रेक पिंपाच्या पद्धतीचे असतात. त्यांचे अस्तर झिजलेले किंवा तेलाने माखलेले असेल तर ते नवे बसवावे. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेकची तार व टायर दिसायला धड असले तरी वयोमानाने कुचकामी झालेले असतात. साखळी ताणण्यासाठी मागील चाक सरकविले की ब्रेकच्या सळईचे अंतरही बदलते, तेव्हा प्रत्येक वेळी ब्रेक पुन्हा तपासावा लागतो. ही गोष्ट अनुभवी कारागीरही कधीकधी विसरतात.

त्याहून मोठा प्रश्न पायांचा आहे. जुन्या बुलेटमध्ये गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो; पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या गाड्यांत हे सर्व उलट आहे. ज्याने मित्राच्या नव्या गाडीवर दोन-चार दिवस धडे घेतले आहेत त्याचा उजवा पाय संकटाच्या वेळी आपोआप खाली दाबला जातो. तेथे ब्रेक नसून गियर असतो, आणि गाडी थांबत नाही. सरावलेल्या माणसाच्याही हातून ही चूक होते. विचार करून ती टळत नाही, कारण त्या क्षणी विचाराला अवधीच नसतो; सवयच घडवावी लागते. शिकाऊ परवाना व शिरस्त्राण घेऊन मोकळ्या मैदानात, सोबत जाणता माणूस ठेवून, आरंभी एंजिन बंद असताना उतारावर केवळ थांबण्याचा सराव करावा. मग पहिल्या गियरमध्ये, मग दुसऱ्या. हातातील पुढचा ब्रेक दोन्ही प्रकारच्या गाड्यांत उजवीकडेच असतो, म्हणून त्याचा वापर आधी अंगवळणी पाडावा. टाचेने दाबावयाची एक जादा तरफ दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गियरमधून गाडी थेट मोकळी करते. चौकात ती फार उपयोगी पडते. परंतु पहिल्या गियरमधून ती चालत नाही.

पहिली खरी फेरी वीस किलोमीटरांहून लांब नसावी. परतल्यावर एंजिन निवू द्यावे आणि सर्व नट एकेक करून पुन्हा आवळावेत, कारण एकदंडी एंजिनाच्या कंपनाने ते सैल होतात. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असल्यास मिश्रण ठीक आहे. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढुरका दिसला तर कमी. पांढऱ्या प्लगवर पुढची फेरी काढू नये, आधी कार्ब्युरेटर पुन्हा उघडावा.