यजमान शहर नागपूर : बदलीवर आले, इथेच राहिले

नागपुरात 'काय करतो आहेस?' असे फारसे कोणी विचारत नाही; 'काय करून राहिला?' असे विचारतात. इथे पाऊस येऊन राहिलेला असतो, भाजी शिजून राहिलेली असते, आणि 'निघून राहिलो' म्हणणारा पाहुणा तासाभराने पुन्हा तेच म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा साधा चालू काळ आहे. तरी या शहराची ओळख 'राहणे' या क्रियापदापासून सुरू करावीशी वाटते, कारण हे शहर बऱ्याच अंशी कामासाठी आलेल्या आणि काम संपल्यावरही न गेलेल्या माणसांनी घडवले आहे. संत्री, झिरो माईल, दीक्षाभूमी आणि तर्री-पोहे यांची ओळख करून देण्याची गरज नाही. ती घेऊनच आपण येता. पण अधिवेशनाची ही स्मरणिका चाळणाऱ्यांपैकी पुष्कळांचा मुक्काम आज परदेशात आहे आणि त्यातल्या कित्येकांचा तो मुक्काम नोकरीच्या व्हिशावर टेकलेला आहे. नोकरी संपली की तो कशावर टेकवायचा, हा प्रश्न पन्नाशीनंतर घराघरात निघतो. नागपूर हे त्या प्रश्नाचे एक जुने, चाचपून पाहिलेले उत्तर आहे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

आधी परदेशातल्या कायद्याची बाजू. 'कामाचा व्हिसा संपला की निवृत्तीचा घेऊ' हे वाक्य बोलायला सोपे आहे, पण तशी सोय फार थोड्या देशांत आहे. अमेरिकेत निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. एच-वन-बीवरची नोकरी सुटली की साधारण साठ दिवसांची सवलत मिळते, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग माणसाच्या नोकरीच्या उमेदीपेक्षा लांब होऊ शकते. ब्रिटनने स्वतःच्या उत्पन्नावर जगणाऱ्या निवृत्तांचा मार्ग नव्या अर्जदारांना 2008 मध्ये बंद केला. ऑस्ट्रेलियाचा गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा 2018 मध्ये संपला. आखातात राहण्याचा परवाना परंपरेने मालकाच्या नावाशी जोडलेला. संयुक्त अरब अमिरातींनी अलीकडे 55 वर्षांपुढच्यांना पाच वर्षांचा परवाना देऊ केला, पण त्यासाठी मालमत्ता, ठेव किंवा ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते. थायलंडमध्ये हा बदल त्यातल्या त्यात सरळ आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने बँकेत आठ लाख बाथ किंवा महिना पासष्ट हजारांचे उत्पन्न दाखवले की कामाच्या व्हिशावरून निवृत्तीच्या मुदतवाढीवर जाता येते. वर्क परमिट परत करायचे आणि मुदतवाढ दर वर्षी नव्याने मागायची. म्हणजे सत्तराव्या वर्षीही पासबुक घेऊन खिडकीसमोर उभे राहणे आलेच. या सगळ्या व्यवस्थांमागे एकच समजूत आहे: काम करतो तोवर माणूस हवा, त्यानंतर त्याच्या पैशाची हमी हवी. त्यात अन्याय आहे असे नाही, परक्या देशाने तसे वागणे समजण्यासारखे आहे. पण म्हातारपणाचा पत्ता दर वर्षी नूतनीकरण करावा लागत असेल तर त्याला घर म्हणणे कठीण.

आता नागपूर. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेड्यांची मोट बांधून हे शहर वसवले, पुढे रघुजी भोसल्यांनी राजधानी केली, आणि 1853 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1867 मध्ये रेल्वे आली. इथून पुढे येणारे लोक बहुतेक नेमणुकीवर आले. सिव्हिल लाइन्समधले गोरे साहेब पेन्शन घेऊन विलायतेला परतले. त्यांच्या हाताखालचे आणि त्यांच्या कोर्टात उभे राहणारे मात्र राहिले. बिपिन कृष्ण बोस वकिलीसाठी बंगालमधून आले आणि 1923 मध्ये नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा व्यवस्थापक म्हणून रेल्वेतले बेझनजी मेहता आणले. या गिरणीची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. सुरुवातीला कामगार टिकत नसत. हातात थोडे पैसे आले की गावी निघून जात. धाक दाखवण्याऐवजी टाटांनी राहण्याला कारण दिले. 1886 मध्ये पेन्शन फंड सुरू झाला, पुढे अपघाताची भरपाई आणि भविष्य निर्वाह निधीही. पेन्शन ही आज आपण निघताना मिळणारी रक्कम समजतो. जुम्मा तलावाजवळच्या त्या गिरणीत ती माणसाने थांबावे म्हणून योजलेली होती. गिरणी स्वतः 2002 मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल आहे, हेही सांगून टाकलेले बरे.

राज्य खालसा झाल्यानंतरचा दुसरा धक्का 1956 चा. 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर अठराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, नागपूरची राजधानी गेली. देशात इतक्या थोड्या दिवसांत इतके मिळवलेले आणि इतके गमावलेले दुसरे शहर मला आठवत नाही. कचेऱ्या भोपाळला आणि मुंबईला गेल्या. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ एवढे मानाचे पान उरले. पण देशाच्या मध्यावर असल्यामुळे केंद्राची कार्यालये इथे जमत गेली: भारतीय खाण ब्यूरो, नीरी, वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल, कापूस संशोधन संस्था, स्फोटकांचा विभाग, प्राप्तिकराची अकादमी, महालेखापालांचे कार्यालय, रिझर्व्ह बँक. यांत तमिळ, बंगाली, मल्याळी, ओडिया, पंजाबी माणसे बदलीवर येत राहिली. साठीच्या आधी त्यांनी सोसायटी काढून प्लॉट घेतले, पी. अँड टी. कॉलनीसारखी नावे खात्यांच्या हजेरीपटावरून आलेली आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीला कोथिंबिरीला सांबार म्हणायचे हे शिकवावे लागले नाही, आणि सांबारवडी म्हणजे दाक्षिणात्य सांबाराशी संबंध नसलेली, कोथिंबीर ठासून भरलेली पुडाची वडी, हेही. इथली मराठी हिंदीशी सलगी करते म्हणून पश्चिमेकडचे नाक मुरडतात. मला तो या शहराच्या आतिथ्याचा पुरावा वाटतो: उशिरा आलेल्याला इथे परीक्षा द्यावी लागत नाही.

यावर वकिली आक्षेप सरळ आहे. हे सगळे लोक आपल्याच देशात बदलून आले होते, त्यांना व्हिसा कुठे लागत होता? आक्षेप बरोबर आहे. भारतात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिला आहे, पण तो नागरिकाला. परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप जाते आणि तो हक्कही जातो. त्या जागी ओसीआय कार्ड येते. 2005 मध्ये ही योजना सुरू झाली, 2015 पासून पीआयओ कार्डही त्यातच मिसळले. आजन्म व्हिसा, कितीही दिवस राहण्याची मुभा, पोलिसांकडे नोंदणीची कटकट नाही. जगातल्या कुठल्याही निवृत्ती व्हिशापेक्षा ही सवलत मोठी आहे, आणि वयाची वा बँकशिलकीची अट नाही. परंतु मतदान नाही, सरकारी पद नाही, पत्रकारितेसाठी वेगळी परवानगी, आणि कार्ड रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे. नागपुरात आणखी एक गोष्ट बोचते. परतणाऱ्या पुष्कळांच्या मनात काटोल-नरखेडकडे संत्र्याची छोटी बाग असते: मृग बहार धरायचा की आंबिया, यावर शेजाऱ्याशी वाद घालत म्हातारपण काढायचे. ओसीआयधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीयालाही नाही. भारतीय नागरिक परत येऊन निवासी झाला तरी विदर्भाच्या 1958 च्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्याची वाट अडवलेलीच. वारशाने आलेली जमीन राहते. तेव्हा वडिलांची तीन एकर 'कोण बघणार' म्हणून विकण्याआधी दोनदा विचार करावा. म्हणजे माझा दावा थोडा आखडता घ्यावा लागतो: कागदाचा प्रश्न नागपूर सोडवत नाही, तो ज्याने त्याने सोडवायचा. कागद झाल्यानंतर राहायचे कसे, याची सवय या शहराला आहे.

मग पुणे का नको? पुणे पेन्शनरांचे शहर म्हणून गाजलेले आहेच, आणि ज्यांचे सगळे गोत तिथे आहे त्यांना मी अडवणार नाही. पण पुण्याच्या जागांचे भाव आणि अंतरे आता तरुणांनाही झेपत नाहीत. इथे अजून वीस-पंचवीस मिनिटांत गावाच्या बहुतेक टोकाला पोचता येते, आणि मेट्रो आहे. उन्हाळ्याचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. मार्चमध्ये कुलर खाली काढून, ताट्या बदलून, पंपाचा आवाज ऐकून घेणे हा इथला घरगुती विधी आहे, आणि कुलरचे पाणी भरणे सत्तरीत जड जाते. ज्यांची मुले थंड देशात आहेत त्यांनी एप्रिल ते जून तिकडे जावे, हे शहाणपणाचे. पाण्याचाही धडा ताजा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या, निवृत्तांना आवडणाऱ्या वस्त्यांत घरात पाणी शिरले. तलावाशेजारी फ्लॅट पाहताना गॅलरीतून दिसणाऱ्या दृश्याइतकेच जोते किती उंच आहे ते पाहावे.

दवाखान्यांची बाजू नागपूरची भक्कम. मेयो एकोणिसाव्या शतकातले, मेडिकल 1947 चे, मिहानमध्ये एम्स, जामठ्याला कर्करोगाचे मोठे रुग्णालय. मध्य प्रदेश, छत्तीसगडहून रुग्ण इथे येतात. पैशांची बाजू आधी बांधावी लागते. अमेरिकेचे मेडिकेअर सहसा भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. इथला आरोग्य विमा घेतला तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून पॉलिसी परतण्याआधीच सुरू करणे शहाणपणाचे. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण इथे राहणाऱ्याची ती दर वर्षी वाढत नाही. पहिल्या दिवशी जी, तीच शेवटी. दीर्घकाळ अनिवासी असलेल्याला परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे परदेशी उत्पन्नावरच्या करात सूट मिळते, आणि एनआरई खाते नेहमीच्या खात्यात बदलावे लागते. ही कामे साठाव्या वाढदिवसानंतर सुचतात तेव्हा निम्म्या मुदती टळलेल्या असतात. बदलीवरचा खाण ब्यूरोचा कारकून चाळिशीतच सोसायटीचा सभासद होत असे. परदेशातला आपला अभियंता निवृत्तीला वर्ष उरले की चौकशी करतो. दोघांत हुशार कोण, हे मी ठरवत नाही, पण घर पहिल्याचे वेळेत झाले.

मुले दूर राहतील, ही खंत कुठल्याच शहराने भागणार नाही. अमेरिकेला इथून थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा आखात मध्ये येतेच. आपल्या अधिवेशनातून वेळ काढून नोव्हेंबरातली एखादी सकाळ बँकेत घालवून पाहा. हयातीच्या दाखल्याचे दिवस असतात. मोबाइलवर चेहरा दाखवून तो देता येतो, तरी निम्मी मंडळी स्वेटर घालून, फाइल काखेत धरून जातीने येतात. कोणाकडे कोळसा कंपनीचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, असतो, कोणाकडे परदेशातून आलेला, साक्षीदाराची सही मागणारा फॉर्म. रांगेत बाजूची दोन माणसे सही करायला तयार होतात, कारण त्यांनाही तेवढेच काम असते. खिडकीपलीकडून पत्ता विचारला जातो, तोही इथल्याच व्याकरणात: 'सध्या कुठे राहून राहिले, काका?'