निरोगी दिसणाऱ्या जनावराची तपासणी

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादें कुत्रें अथवा मांजर असतें. भूक लागली कीं तें ओरडतें, पायांत कांटा मोडला कीं लंगडतें. परंतु पोटांत काय चाललें आहे हें त्यास सांगतां येत नाहीं, आणि खरें म्हणजे आपणांसहि तें विचारण्याचें सुचत नाहीं. अंगावर तकाकी आहे, खाणें सुटलेलें नाहीं, शेपूट हालत आहे, एवढ्यावरून आपण त्यास निरोगी ठरवून मोकळे होतों. ही समजूत किती फसवी आहे, तें गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरच्या मोतीनें आम्हांस शिकविलें.

मोती हा आमचा तीन वर्षांचा गांवठी कुत्रा. अंगानें भरलेला, आवाजानें खणखणीत. वर्गांत सूक्ष्मदर्शक यंत्र दाखविण्याचा पाठ चालला होता. वडाळे तळ्यांतील पाण्याचा थेंब मुलांनीं पाहून झाला, तेव्हां आणखी कांहीं दाखवावें म्हणून आम्ही दुसरे दिवशीं मोतीच्या विष्ठेचा नमुना झांकणाच्या बाटलींत घालून शाळेंत नेला. तो हातमोजे घालून आम्हींच हाताळला. मुलांस केवळ यंत्रांतून पाहूं दिलें. निरोगी जनावराच्या विष्ठेंत कांहीं आढळत नाहीं, असें सांगून पाठ संपवावा असा आमचा बेत होता. पण यंत्रास डोळा लावणाऱ्या पहिल्याच मुलानें विचारिलें, "सर, हीं अंड्यांसारखीं काय दिसतात?"

तीं अंडींच होतीं. पातळ कवचाचीं, आंत चारआठ पेशींचा पुंजका असलेलीं, अंकुशकृमीचीं अंडीं. एका दृष्टिक्षेपांत सहासात. आणि घरीं आमची चार वर्षांची कन्या त्याच मोतीच्या गळ्यास मिठी घालून ओल्या अंगणांत अनवाणी हिंडत होती! त्या दिवशीं पुढचा पाठ आम्ही कसाबसा उरकला.

अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडींतून आंत शिरतात, ही गोष्ट एका अपघातानें उघडकीस आली. १८९८ च्या सुमारास कैरो येथें आर्थर लूस नांवाच्या शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचें पाणी सांडलें. तेथें खाज सुटली, त्वचा लाल झाली, व कांहीं आठवड्यांनीं त्याच्याच विष्ठेंत अंडीं दिसूं लागलीं. त्या अळ्या मनुष्याच्या जंताच्या होत्या. कुत्र्याच्या जंताच्या अळ्या मनुष्याच्या आंतड्यापर्यंत सहसा पोंचत नाहींत. त्या कातडीखालींच भटकतात, आणि पायावर नागमोडी, लाल, अतिशय खाजणारी रेघ उमटते. कोंकणांतील पावसाळा, ओली माती आणि सावली हीं या अळ्यांस मानवतात.

याहून चिंतेचा आहे तो पिलांच्या पोटांतील लांब गोल जंत. तो आईच्या पोटांत असतांनाच पिलाच्या शरीरांत शिरतो, म्हणून रस्त्यावरून उचलून आणिलेलें गोजिरवाणें पिलूं बहुधा जंत घेऊनच घरीं येतें. याची एक मादी दररोज लाखभर अंडीं घालते. तीं मातींतून मुलाच्या हातास व हातावरून तोंडांत गेलीं, तर अळ्या यकृतांत, फुप्फुसांत आणि क्वचित् डोळ्यांतहि जातात. अमेरिकेंत कर्करोगाच्या किंवा तशाच कांहीं संशयानें मुलांचे काढलेले ४६ डोळे हेलेनॉर वाइल्डर या विदुषीनें पुन्हां तपासले. त्यांपैकीं २४ डोळ्यांत तिला जंताच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष आढळले. हें १९५० सालीं प्रसिद्ध झालें. ही हकीकत आम्ही पालकांस भिवविण्यासाठीं सांगत नाहीं. असा प्रकार विरळा आहे. शिवाय या अंड्यांची एक खोड आपल्या उपयोगाची आहे. ताज्या विष्ठेंतील अंडें कोणास बाधत नाहीं. त्यांत अळी तयार होण्यास सुमारें दोन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. म्हणून जो घरधनी रोजची घाण रोज उचलून टाकतो, त्याचें निम्मेंअधिक काम तेथेंच होतें. जो ती अंगणांत राहूं देतो, त्याच्या मातींत मात्र हीं अंडीं वर्षानुवर्षें जिवंत राहतात.

तपासणीची रीत अगदीं साधी आहे. मीठ पाण्यांत घालीत गेलें कीं अखेर तें आणखी विरघळेनासें होतें. तसें तृप्त पाणी घ्यावयाचें. पेण-उरणकडील मिठागर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें समजावून सांगावयास नको. उन्हानें आटून दाट झालेलें पाणी मीठ धरूं लागतें, तें असेंच. त्याचें विशिष्टगुरुत्व सुमारें १·२ असतें आणि जंतांचीं अंडीं त्याहून हलकीं असतात. थोडी विष्ठा त्यांत कालवून गाळावी, नळी कांठोकांठ भरून तोंडावर पातळ कांच ठेवावी, म्हणजे दहापंधरा मिनिटांत अंडीं वर तरंगून कांचेस चिकटतात व गाळ तळाशीं बसतो. विलिस यानें १९२१ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका वैद्यकीय पत्रांत ही युक्ति प्रसिद्ध केली, ती मनुष्यांच्या अंकुशकृमीसाठीं. आज पशुवैद्य तीच वापरतात. मुलांनीं मात्र हा प्रयोग घरीं करूं नये. नमुना त्याच दिवसाचा, मातीचा अंश नसलेला, बंद बाटलींतून पशुवैद्याकडे पोंचवावा. आपल्या हवेंत अंकुशकृमीचीं अंडीं एकदोन दिवसांत फुटतात, मग शिळ्या नमुन्यांत शोधावयाचें काय?

आणखी एक सावधगिरी. कांचेवर अंडीं दिसलीं नाहींत म्हणजे पोटांत जंत नाहींत असें होत नाहीं. जंत अल्पवयी असतां अंडीं घालीत नाहींत. याकरितां पिलांस अंड्यांची वाट न पाहतां दोन आठवड्यांचीं झाल्यापासून औषध सुरू करितात, आणि तपासणी पहिल्या वर्षीं चार वेळां, पुढें वर्षांतून दोनदां तरी करावी असें तज्ज्ञ सांगतात. औषध वजनावर ठरतें. शेजाऱ्यानें सांगितलेला लसूण देऊं नये. लसूण व कांदा यांनीं कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. मनुष्याची तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी तर मांजरास प्राणघातक ठरते.

गोचिडांविषयीं थोडें. गोचीड रक्त पिते एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. ती रोगहि वाहते, हें गुरांच्या एका तापाच्या बाबतींत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं सिद्ध केलें. कुत्र्यास गोचिडांपासून होणाऱ्या तापाचें निदान रक्ताचा थेंब कांचेवर पसरून होतें. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडा वेंचल्यानें काम संपत नाहीं. भरलेली मादी खालीं उतरून भिंतीच्या फटींत हजारों अंडीं घालते. तेव्हां फटी बुजवाव्या. कुत्र्यासाठीं मिळणारें पर्मेथ्रिनचें औषध मांजरास कधींहि लावूं नये. तें त्याचा जीव घेतें.

लशींचें महत्त्व आतां कोणास पटवावें लागत नाहीं, तरी टोंचून घेण्याची टाळाटाळ होतेच. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पुराच्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्याची साथ आली होती. कुत्र्यांसाठीं त्याची लस दरवर्षीं घ्यावी लागते. पिसाळण्याच्या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर तर उपायच राहत नाहीं. गोव्यांत २०१४ पासून कुत्र्यांस मोठ्या प्रमाणावर लस टोंचण्याची मोहीम चालली, आणि २०१८ व २०१९ या दोन वर्षांत तेथें या रोगानें एकहि मनुष्य दगावला नाहीं.

परळ येथें १८८६ सालीं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय निघालें; शेजारचें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचें इस्पितळ त्याहूनहि थोडें जुनें. म्हणजे जनावरांची शास्त्रशुद्ध वैद्यकी आपल्या दाराशीं येऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं. पण जनावर अंथरुणास खिळल्यावांचून त्यास वैद्याकडे नेण्याची कल्पना अजून आमच्या घरांत रुजलेली नाहीं. आमच्याहि घरांत ती नव्हती, हें वर सांगितलेंच आहे.

मोतीस वजन करून औषध दिलें. कन्येस डॉक्टरांनीं तपासलें. सुदैवानें तिला कांहीं झालेलें नव्हतें. तीन आठवड्यांनीं पाहतां कांचेवर पुन्हां दोन अंडीं दिसलीं, म्हणून औषधहि पुन्हां दिलें. दिवाळीच्या सुटीपूर्वीं त्याच मुलानें, ज्यानें पहिलीं अंडीं पाहिलीं होतीं, सगळी कांच कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत धुंडाळली आणि वर्गाच्या वहींत "कांहीं नाहीं" असें लिहिलें. त्याखालीं पुढील तपासणीची तारीख आम्हीं घातली आहे.