पोलिसांचा आकाशातील डोळा

१९ एप्रिल २०१३. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या वॉटरटाउनमध्ये एका परसातील झाकलेल्या होडीत बाँबस्फोटांतील संशयित दडला होता. घरमालकाने पोलिसांना कळवले. पण जवळ जाऊन पाहणे म्हणजे जिवाशी खेळ! तेव्हा राज्य पोलिसांच्या हेलिकॉप्टरने वरून कॅमेरा रोखला आणि आच्छादनाखालची मानवी आकृती पडद्यावर उमटली. ती हलते आहे, म्हणजे माणूस जिवंत आहे, हे खालच्या पोलिसांना बिनतारी यंत्रणेवरून कळत राहिले. रात्री तो जिवंत हाती लागला.

हे कसे साधले? प्रत्येक वस्तू तापमानानुसार प्रारण उत्सर्जित करते. वीनच्या नियमानुसार २८९८ ला केल्व्हिनमधील तापमानाने भागले, की सर्वाधिक तीव्रतेची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. त्वचेचे तापमान ३०५ केल्व्हिन धरून भागाकार करून पाहा. उत्तर सुमारे ९.५ येईल. आपल्या डोळ्यांची धाव मात्र जेमतेम ०.७ पर्यंत! हे अवरक्त किरण पातळ प्लॅस्टिकमधून काही प्रमाणात आरपार जातात. गंमत अशी, की पारदर्शक काच त्यांना अडवते. म्हणून या कॅमेऱ्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे करतात. आणि काचा चढवलेल्या मोटारीत बसलेला माणूस त्याला दिसत नाही.