जनावरांच्या बाजारात गणित व शास्त्र

मुलांना जनावरांची ओढ उपजतच असते. शहरातील मूल प्राणिसंग्रहालय पाहते; बीड जिल्ह्यातील मुलास नेकनूर वा हिरापूर येथील जनावरांचा बाजार जवळचा. लाल कंधारी व देवणी गाईबैल, उस्मानाबादी शेळ्या इत्यादी जातींची ओळख त्यास तेथे करून देता येते. पालकांनी व शिक्षकांनी मुलास नेताना शिंप्याची फीत, सेकंदकाट्याचे घड्याळ व वही बरोबर घ्यावी. मोजमाप धन्याच्या संमतीने, त्याने जनावर धरले असतानाच करावे. मुलास मागील पायांजवळ उभे करू नये.

दातांवरून वय : गाईबैलांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात जोडीजोडीने पडून कायमचे येतात. त्यावरून आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती व जुळलेला असा क्रम लागतो. दोन दाती जनावर साधारणतः दोन ते अडीच वर्षांचे समजावे.

श्वासोच्छ्वास : विसावलेल्या जनावराची कूस एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजावे. गाईबैलांत हा आकडा 10 ते 30 असतो. उन्हातील व सावलीतील जनावरांचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी जनावर श्वास जलद करते. सावली व पाणी यांचे महत्त्व यावरून मुलास समजते.

वजन : वशिंडाच्या व पुढील पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही मापे इंचात असावीत. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व 660 ने भागावे, म्हणजे वजन किलोत येते. घेर 60 व लांबी 50 इंच असल्यास 60 × 60 × 50 = 1,80,000; भागाकार सुमारे 273 किलो. हा अंदाज असला तरी चाऱ्याच्या हिशेबास तो पुरेसा आहे.

चारा : जनावरास रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडा अंश लागतो, म्हणजे येथे 6.8 किलो. वाळलेल्या कडब्यात दहावा हिस्सा पाणी धरल्यास साडेसात किलो कडबा लागेल. मक्याच्या हिरव्या वैरणीत कोरडा अंश पाचवा हिस्साच धरल्यास तीच गरज 34 किलोंनी भागते. कडब्याबरोबर पेंड व क्षारमिश्रणही द्यावे, कारण त्यात प्रथिने कमी असतात.

घरचा हिशेब : अशा दोन बैलांना रोज 15 किलो, म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ या 120 दिवसांना 18 क्विंटल कडबा हवा. गंजीत 12 क्विंटल असेल तर तो 80 दिवसच पुरेल. 2019 च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. सहा क्विंटलांची ही तूट फाल्गुनातच कळली तर कुट्टी करून नासाडी टाळता येते व उरलेला चारा वेळीच विकत घेता येतो. वैशाखात कळली तर पडत्या भावाने बैल विकण्याची पाळी येते.

म्हणून बाजारातून परतल्यावर मुलाच्या हाती घरच्या दावणीसाठी फीत द्यावी आणि त्याने मांडलेला हिशेब घरातील वडीलधाऱ्यांनी अवश्य तपासावा.