राजीनामा लिहिण्यापूर्वी



शाळेतील कामाचा ताण आणि शाळेत होणारा जाच या निराळ्या गोष्टी असून त्यांचे उपायही निराळे असल्याने, नोकरी सोडू पाहणाऱ्या शिक्षिकेने आपल्या वाट्याला नेमके काय आले आहे, हे प्रथम ओळखावे. साचत गेलेल्या ताणातून येणाऱ्या शिणवट्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले असून, थकवा, कामाविषयीचा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. याउलट जाच म्हणजे एकाच व्यक्तीला चारचौघांत वारंवार अपमानित करणे आणि सहकाऱ्यांपासून तोडणे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी त्याला ‘मॉबिंग’ म्हटले. ताणाला विश्रांती आणि कामाची वाटणी लागते, जाचाविरुद्ध दाद मागावी लागते. जाचालाच ताण समजणारी शिक्षिका मात्र स्वतःतच खोट शोधत राहते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला निदान आंतरजिल्हा बदलीची वाट असते आणि २०२३ साली त्याच वाटेने शेकडो शिक्षक रत्नागिरी जिल्ह्याबाहेर गेल्याने वाडीवस्तीवरच्या शाळांत जागा रिकाम्या राहिल्या. खासगी संस्थेतील शिक्षिकेला ती वाट नसल्यामुळे राजीनामा हाच एक उपाय दिसू लागतो आणि जाच करणाऱ्यालाही बहुधा तोच हवा असतो.

हे ओळखूनच खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या १९७७ च्या राज्य अधिनियमाने राजीनामा दोन प्रतींत, सही व तारखेसह लिहून, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी पद्धत घालून दिली आहे. सेवा संपुष्टात आणली गेल्यास तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा वादांसाठीच नेमलेल्या न्यायपीठाकडे, अपील करता येते. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नये, प्रत्येक प्रसंगाची तारीख, शब्द आणि साक्षीदार वहीत नोंदवावेत, तक्रार लेखी देऊन तिची पोच घ्यावी, आणि झोप उडाली असेल तर १४४१६ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीशी बोलण्यात कमीपणा मानू नये.

एवढे करूनही शाळा सोडावीशी वाटली तर तो पराभव नव्हे. मात्र राजीनामा घरी बसून, शांत मनाने, स्वतःच्या शब्दांत लिहावा, दुसऱ्याने ठरवलेल्या दिवशी लिहू नये.