काळ्या पडद्यावरून शेकडो संगणक कसे चालतात?



खारघर स्टेशनजवळून जाताना सी-डॅकची इमारत तुम्ही पाहिली असेल. याच संस्थेने पुण्यात 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार केला. प्रमुख होते डॉ. विजय भटकर. त्यामागची कल्पना सोपी होती: एकच प्रचंड संगणक न बांधता अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचं. काम वाटून घेण्यासाठी असे जोडलेल्या संगणकांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात.

मुलांना हे असं सांगा. 100 पेपर तपासायचे आहेत, प्रत्येकाला 5 मिनिटं. एकट्या बाईंना 500 मिनिटं लागतील, चौघींना 125. पण निकालपत्रक एकीनेच करायचं, त्याला 30 मिनिटं. मग शंभर बाई आणल्या तरी 35 मिनिटांच्या खाली वेळ जात नाही! जे काम वाटता येत नाही, तेच शेवटी वेग ठरवतं.

क्लस्टरवर माऊस फारसा चालत नाही, आज्ञा टाइप कराव्या लागतात. अनेक ठिकाणी 'स्लर्म' नावाची प्रणाली असते. 'एसइन्फो' म्हणजे कोणते संगणक मोकळे आहेत ते बघा. 'एसबॅच' म्हणजे माझं काम रांगेत लावा. 'एसक्यू' म्हणजे रांग दाखवा. 'एसकॅन्सल' म्हणजे काम रद्द करा.

काम लावताना किती प्रोसेसर आणि किती वेळ हवा, ते आधी सांगायचं. वेळ कमी मागितला तर काम अर्धवट बंद पडतं. उगाच जास्त मागितला तर रांगेत ताटकळत बसावं लागतं. आणि आपण जिथे लॉग-इन करतो तो संगणक सगळ्यांचा असतो. तिथेच मोठं काम सुरू केलं, तर सगळ्यांचंच अडतं. म्हणजे जिन्यातच पंगत मांडल्यासारखं!

'एसकॅन्सल'ला आपलं वापरकर्ता नाव दिलं, तर आपली सगळी कामं रद्द होतात. "नक्की ना?" असं तो सहसा विचारत नाही. दोन दिवस चाललेलं गणित एका एंटरमध्ये जातं. म्हणून आधी रांग पाहा, कामाचा क्रमांक वाचा, मगच एंटर दाबा.

वर्गात करून बघा: चार गट, एक मॉनिटर, कामाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करायचं. सूचना अपुरी असली की काय होतं, ते मुलांना आपोआप कळेल. नेमकं मागणं आणि सामायिक वस्तू जपून वापरणं, हाच या धड्याचा गाभा.