अंदाज आणि मोजमाप

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• सूचनापर लेखन क्रमाने वाचून समजून घेता येईल;
• एखाद्या कृतीमागील कारणे स्वतःच्या शब्दांत सांगता येतील;
• घरगुती कौशल्य आणि उपजीविका यांचा संबंध स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
छत्तीसगडच्या राजधानीतील, म्हणजे रायपुरातील, पंडरी हा भाग कापडबाजारासाठी ओळखला जातो. कापडाच्या व्यवहारात कात्री लावण्यापूर्वी माप नीट पाहिले जाते. कारण एकदा कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. स्वयंपाकघरातही अशी काही कामे असतात, ज्यांत चूक मागाहून सुधारता येत नाही. भट्टीत भाजण्याचे पदार्थ हे त्यांचे ठळक उदाहरण होय. या पाठात घरी केल्या जाणाऱ्या ब्राउनीच्या निमित्ताने हाच विचार मांडला आहे.

मूळ पाठ
रायपुरात मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत आली आहेत. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. १८५४ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतरही १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे येथील मराठी घरांत पुरणपोळीबरोबर तांदळाचा चीला आणि फराही आपलासा झाला. नवे पदार्थ स्वीकारण्याची ही परंपरा जुनीच आहे. ब्राउनी ही तिच्यातील अलीकडची भर.

ब्राउनी मूळची अमेरिकेतील. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाकशास्त्राच्या पुस्तकात या नावाचा पदार्थ आढळतो. परंतु त्यात चॉकलेट नव्हते, काकवी होती. त्याच पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी आली. आज आपण जिला ब्राउनी म्हणतो ती केकपेक्षा ओलसर आणि घट्ट असते.

भट्टीतील भाजणे मराठी माणसाला अगदीच अपरिचित नव्हते. दिवाळीत नानकटाईचे ताट शेजारच्या बेकरीत भाजून आणण्याची रीत अनेक गावांत होती. गोव्यात बिबिंक करताना प्रत्येक थराला वरून निखाऱ्यांची आच दिली जाते. मात्र रोजचा मराठी स्वयंपाक चुलीवर किंवा शेगडीवर, डोळ्यांसमोर होतो. आमटी आळणी झाली तर वरून मीठ घालता येते, भाजी लागू लागली तर पाण्याचा हबका मारता येतो. तेथे अंदाज हेच कौशल्य असते. भट्टीचे दार बंद झाल्यावर मात्र काहीही घालता वा काढता येत नाही. म्हणून तेथे अंदाजाची जागा मोजमाप घेते. मराठीत कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले. ब्राउनीसाठी त्याहून एक पाऊल पुढे जाऊन छोटा वजनकाटा वापरणे हितावह ठरते. कारण दाबून भरलेली आणि सैल भरलेली कोकोची वाटी दिसायला सारखी असली, तरी वजनाला सारखी नसते.

साहित्य : लोणी (बटर) १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको पावडर ५० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, अंडी २, मीठ पाव चमचा, व्हॅनिला इसेन्स एक चमचा. लोणी खारे असल्यास वेगळे मीठ घालू नये.

कृती : प्रथम २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी भांड्याला आतून बटर पेपर लावावा. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा. लोणी मंद आचेवर वितळवून त्यात साखर मिसळावी. मिश्रण कोमट झाल्यावरच अंडी एकेक करून घालावीत व चांगली फेटावीत. मिश्रण फार गरम असेल तर अंडी तेथेच शिजून गाठी होतात. साखर अंड्यांत चांगली विरघळली आणि मिश्रण नीट फेटले गेले, तर ब्राउनीवर कागदासारखा पातळ, चकाकता पापुद्रा येतो. यानंतर इसेन्स घालावा आणि मैदा, कोको व मीठ एकत्र चाळून मिसळावे. पावसाळ्यात दमट हवेने कोकोच्या गुठळ्या होतात. तेव्हा चाळणी टाळू नये.

मैदा घातल्यावर हात आवरता घ्यावा. मैदा ओला होऊन फार घोटला गेला की त्यात ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. पोळीच्या कणकेला ते हवे असते, ब्राउनीला नको असते. पांढरा मैदा दिसेनासा झाला की ढवळणे थांबवावे.

मिश्रण भांड्यात सारखे पसरून साधारण २५ मिनिटे भाजावे. मध्यभागी काडी घालून पाहावी. काडीला पातळ मिश्रण लागले, तर पदार्थ कच्चा आहे. ओलसर कण चिकटले, तर तो तयार आहे. काडी अगदी कोरडी निघाली, तर भाजण्याची वेळ उलटून गेली आहे. ओव्हन नसल्यास जाड बुडाचे, झाकणाचे पातेले घ्यावे. तळाशी मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, पातेले दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर ब्राउनी भाजावी. अशा वेळी वेळ अधिक लागतो. म्हणून घड्याळाइतकाच काडीवर भरवसा ठेवावा.

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वाधिक मोडली जाणारी आहे : ब्राउनी पूर्ण थंड होऊ द्यावी. गरम असताना तिच्यातील लोणी पातळ असते; तेव्हा सुरी लावली तर तुकडे मोडतात. थंड झाल्यावर पाच-पाच सेंटिमीटरचे सोळा तुकडे नीट पडतात.

हे सोळा तुकडे घरातच संपले, तर एखादी चूक हसून सोडून देता येते. ते विकायचे ठरवले, की मोजमापाचे महत्त्व वाढते. ग्राहक मागच्या वेळचीच चव मागत असतो. ती चव स्मरणात राहिली तर कधी जमेल, कधी फसेल. वहीत लिहिली असेल, तर दुसऱ्याच्या हातूनही उतरेल. त्याच वहीत साहित्य, इंधन, वेष्टन आणि स्वतःचे श्रम यांचा खर्च लिहावा. अनेक स्त्रिया श्रमाचा रकाना रिकामा ठेवतात आणि विक्री वाढूनही हातात काही का उरत नाही, याचे कोडे त्यांना पडते. श्रमही मोजावेच लागतात.

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू होतो व नोंदणी करावी लागते. वेष्टनबंद पदार्थावर घटक व तारखा लिहाव्या लागतात. अंडे घातले असल्यास शाकाहाराचे हिरवे चिन्ह लावता येत नाही. ज्याला आपण ओळखतही नाही, असा माणूस त्या चिठ्ठीवर विसंबून घास घेतो. ती चिठ्ठी खरी असणे हा पाककृतीचाच एक भाग समजावा.

अंदाज कमी प्रतीचा आणि मोजमाप श्रेष्ठ, असे मात्र नाही. काडीला चिकटलेले कण ओळखणे, वासावरून भाजणी जाणणे, हात कोठे थांबवावा हे कळणे, हे सारे अनुभवाचेच काम आहे. मोजमाप चुकीचे कारण शोधून देते; अनुभव तीच चूक पुन्हा होऊ देत नाही.

शब्दार्थ
खालसा करणे – राज्य जप्त करून ताब्यात घेणे
काकवी – उसाच्या रसाचा आटवलेला पाक
आळणी – मीठ नसलेले वा कमी असलेले
हितावह – फायद्याचे
तिवई – तीन पायांची घडवंची

स्वाध्याय
१. आमटीतील चूक सुधारता येते, ब्राउनीतील नाही. असे का?
२. मैदा घातल्यावर मिश्रण फार का घोटू नये?
३. ‘श्रमही मोजावेच लागतात’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी अंदाजाने होणाऱ्या एखाद्या पदार्थाचे साहित्य मोजा आणि त्याची कृती क्रमवार लिहा. ती वाचून दुसऱ्या कोणाला तो पदार्थ करता येतो का, ते पाहा.